अणुपदार्थ हाताळणाऱ्या प्रयोगशाळेची सुरक्षा तपासणी

युरेनियम, प्लुटोनियम, थोरियम यांसारखे अणुपदार्थ किंवा कोबाल्ट-60 सारखे किरणोत्सारी स्रोत जिथे हाताळले जातात, तिथली माणसे, इमारत आणि भोवतालची वस्ती सुरक्षित आहे ना, हे जागेवर जाऊन पडताळून पाहण्याची पद्धत. प्रयोगशाळेचा स्वतःचा किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी, म्हणजे सगळ्यांच्या बोलण्यातला ‘आरएसओ’, हे काम वर्षभर करतच असतो. नियामक संस्थेचे निरीक्षक ठरावीक मुदतीने येतात आणि अधूनमधून न कळवताही येतात. भारतात ही जबाबदारी मुख्यतः अणुऊर्जा नियामक मंडळाकडे आहे. बोलण्यात त्याला ‘एईआरबी’ म्हणतात. 1962 च्या अणुऊर्जा कायद्यान्वये 15 नोव्हेंबर 1983 रोजी ते स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक देशोदेशी जातात त्या तपासणीशी हिची गल्लत होते. त्या तपासणीत पदार्थ ग्रॅमवारी मोजला जातो आणि त्यातला काही शस्त्रांकडे वळला नाही ना, हे पाहतात. सुरक्षा तपासणीत पदार्थाजवळ उभ्या असलेल्या माणसाला काही होणार नाही ना, हे पाहतात. दोन्हींत एकच नोंदवही उघडली जाते, पण ती वाचण्याची नजर वेगळी असते.

काय तपासतात : मंजूर कार्यपद्धती कागदावर असते आणि रोजचे काम हातांनी होते. या दोहोंत पडलेले अंतर शोधणे हा तपासणीचा गाभा. नवी प्रयोगशाळा सुरू होते तेव्हा हे अंतर जवळपास नसते. पुढे कुणीतरी एक पायरी गाळतो, काही बिघडत नाही, म्हणून दुसराही गाळतो. पाच वर्षांनी आलेल्या नव्या तंत्रज्ञाला तीच खरी पद्धत वाटते. या क्षेत्रातल्या मोठ्या अपघातांची चौकशी वाचली की यंत्राच्या बिघाडापेक्षा अशा सवयीच जास्त सापडतात.

तोकाइमुरा : जपानमधील तोकाइमुरा येथे जेसीओ या कंपनीच्या इंधन प्रक्रिया केंद्रात 30 सप्टेंबर 1999 रोजी झालेला अपघात हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. तिथे तिघे कामगार 18.8 टक्के समृद्ध युरेनियमचे, म्हणजे ज्यात सहज फुटणाऱ्या युरेनियम-235 चे प्रमाण तेवढे वाढवलेले आहे त्याचे, द्रावण तयार करत होते. मंजूर पद्धतीप्रमाणे ते नळ्यांतून एका उंच, अरुंद पात्रात जायला हवे होते. एक अणू फुटला की त्यातून निघालेले न्यूट्रॉन पुढचे अणू फोडतात, ही साखळी प्रक्रिया. अरुंद पात्रातून न्यूट्रॉन बाहेर निसटतात आणि ती पेट घेत नाही. पण वेळ वाचावा म्हणून कंपनीत आधीपासूनच स्टीलच्या बादल्या वापरल्या जात होत्या आणि त्या बादल्यांची पद्धत कंपनीच्या अंतर्गत पुस्तिकेतही उतरली होती. सरकारची त्याला मंजुरी नव्हती. त्या दिवशी कामगारांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले आणि द्रावण रुंद अवक्षेपण टाकीत ओतायला सुरुवात केली. एका वेळची मर्यादा 2.4 किलो युरेनियमची होती. टाकीत सुमारे 16.6 किलो जमा झाले तेव्हा निळा प्रकाश चमकला, म्हणजे साखळी प्रक्रिया सुरू झाली.

टाकीभोवती थंड पाण्याचे आवरण होते. ते पाणी निसटणारे न्यूट्रॉन परत आत ढकलत राहिले आणि साखळी प्रक्रिया सुमारे वीस तास चालू राहिली. कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी पाळीपाळीने थोडा थोडा वेळ आत जाऊन ते पाणी काढून टाकले, तेव्हा ती थांबली. तिघांपैकी दोघांचा मृत्यू झाला, एकाचा 83 दिवसांनी आणि दुसऱ्याचा 211 दिवसांनी. साडेतीनशे मीटरच्या आतील रहिवाशांना हलवण्यात आले आणि दहा किलोमीटरच्या परिघातील सुमारे तीन लाख लोकांना घराबाहेर पडू नका असे सांगण्यात आले.

तपासणीच्या इतिहासात ही घटना फार महत्त्वाची आहे. परवाना देताना या इमारतीत असा अपघात होऊच शकत नाही, असे गृहीत धरलेले होते. बादल्या वर्षानुवर्षे वापरात होत्या, पण त्या पाहायला सरकारतर्फे नियमित कुणी येत नव्हते. अपघातानंतर जपानने कायदा बदलला आणि इंधन केंद्रांतील प्रत्यक्ष कामकाजाची नियतकालिक तपासणी सुरू केली. मार्च 2000 मध्ये जेसीओचा परवाना रद्द झाला.

क्रांतिकता : प्रयोगशाळेत हिला सगळे ‘क्रिटिकॅलिटी’च म्हणतात. साखळी प्रक्रिया स्वतःच्या बळावर चालू राहील इतका भंजनक्षम पदार्थ, तशा आकारात आणि तशा परिसरात एकत्र येणे म्हणजे क्रांतिकता. इथे नुसते वजन सांगून भागत नाही. युरेनियम-235 चा उघडा गोळा क्रांतिक व्हायला पन्नास किलोच्या आसपास वजन लागते, पण तोच पदार्थ पाण्यात योग्य प्रमाणात विरघळलेला असेल तर सुमारे आठशे ग्रॅम पुरतात. प्लुटोनियम-239 च्या द्रावणाला अर्धा किलोही पुष्कळ होतो. पाणी न्यूट्रॉनांचा वेग कमी करते, त्यामुळे ही तफावत पडते. म्हणून निरीक्षक वजनाइतकाच आकार पाहतो, दोन डब्यांतले अंतर पाहतो आणि जवळ पाणी कुठे आहे हेही पाहतो. माणसाचे शरीर बहुतांशी पाणीच आहे आणि पुढे 2011 च्या उदाहरणात नेमका त्याचाच संबंध येतो.

अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेत 21 ऑगस्ट 1945 रोजी गोळा क्रांतिकतेच्या किती जवळ जातो हे पाहण्याच्या प्रयोगात हॅरी डॅग्लियन यांच्या हातून न्यूट्रॉन परतवणाऱ्या टंगस्टन कार्बाइडची एक वीट प्लुटोनियमच्या 6.2 किलोच्या गोळ्यावर पडली. पंचवीस दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. नऊ महिन्यांनी, 21 मे 1946 रोजी, लुई स्लोटिन यांनी त्याच गोळ्यावर बेरिलियमचे, तेही न्यूट्रॉन परतवणारेच, अर्धगोल धरले होते. दोन अर्धगोलांत फट ठेवायला त्यांच्या हाती होता साधा स्क्रू ड्रायव्हर. तो निसटला. नऊ दिवसांनी तेही गेले. खोलीत आणखी सात जण होते. त्यानंतर असे प्रयोग हातांनी करणे बंद झाले आणि ते दूरनियंत्रित यंत्रांकडे गेले.

तरीही त्याच प्रयोगशाळेच्या पीएफ-4 या प्लुटोनियम इमारतीत 11 ऑगस्ट 2011 रोजी तंत्रज्ञांनी प्लुटोनियमच्या आठ कांड्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. कारण काय, तर झालेल्या कामाचा छान फोटो हवा होता. पर्यवेक्षकाच्या लक्षात आल्यावर कांड्या लगेच हातांनी दूर करायला सांगण्यात आले. नियम याच्या उलट आहे. अशा वेळी कशालाही हात न लावता खोली सोडायची असते, कारण जवळ येणारा हातच न्यूट्रॉन परतवतो. सुदैवाने काही झाले नाही. पण क्रांतिकतेचे गणित करणाऱ्या अभियंत्यांपैकी बरेच जण पुढे सोडून गेले, जून 2013 मध्ये इमारतीतले काम थांबवावे लागले आणि ते पूर्ववत व्हायला काही वर्षे लागली. अमेरिकेच्या संरक्षण अणुकेंद्रांवर देखरेखीसाठी 1988 मध्ये कायद्याने नेमलेल्या स्वतंत्र सुरक्षा मंडळाचे निरीक्षक लॉस अलामोसमध्येच मुक्कामी असतात आणि त्यांचे साप्ताहिक अहवाल कुणालाही वाचता येतात. या मंडळाला आदेश देता येत नाही, फक्त शिफारस करता येते. अहवाल उघड असल्याने त्या शिफारशी दाबून ठेवता येत नाहीत, हे त्याचे खरे बळ.

तपासणीचा दिवस : सुरुवात कागदांनी होते. परवाना, स्रोतांची नोंदवही, मागच्या तपासणीतल्या त्रुटी आणि कर्मचाऱ्यांच्या डोसची, म्हणजे अंगावर पडलेल्या किरणोत्सर्गाची, पत्रके पाहतात. डोस मिलिसिव्हर्ट या एककात मोजतात. भारतात किरणोत्सर्गात काम करणाऱ्यासाठी सलग पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात 30 मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. सामान्य नागरिकासाठी ती वर्षाला 1 मिलिसिव्हर्ट आहे. मर्यादेच्या आत आहे म्हणून निरीक्षक पुढे सरकत नाही. एकाच खोलीत काम करणाऱ्या चौघांपैकी एकाचाच डोस सतत जास्त का, हे त्याला विचारायचे असते. सगळ्यांचा डोस सतत शून्य दिसला तरी त्याला शंका येते.

शून्याचे कारण पुष्कळदा खुंटीवर सापडते. डोस मोजणारा टीएलडी बॅज छातीवर लावायचा असतो. त्यात कॅल्शियम सल्फेटच्या तीन लहान चकत्या असतात. त्या किरणोत्सर्गाची ऊर्जा साठवतात आणि पुढे तापवल्या की तेवढ्या प्रमाणात प्रकाश देतात. पण बॅज बाहेरच्या पांढऱ्या कोटाला अडकवलेला आणि कोट खुंटीला टांगलेला असेल, तर तो खुंटीचा डोस मोजतो. उलटेही होते. तुलनेसाठी स्वच्छ जागी ठेवायचा कंट्रोल बॅज कुणीतरी स्रोताच्या कपाटाजवळ ठेवतो आणि मग सगळ्यांचा डोस खोटा कमी दिसतो.

नंतर खोल्यांची फेरी. प्लुटोनियमसारखा अल्फा किरण सोडणारा पदार्थ त्वचेबाहेर असताना फारसे नुकसान करत नाही, साधा कागदही ते किरण अडवतो. धूळ होऊन श्वासावाटे फुप्फुसात गेला तर मात्र तो तिथे ठाण मांडतो. म्हणून तो ग्लोव्ह बॉक्समध्ये हाताळतात. या बंद पेटीला काच आणि भिंतीत बसवलेले लांब रबरी हातमोजे असतात. पेटीतला दाब खोलीपेक्षा कमी ठेवतात, म्हणजे कुठे भोक पडलेच तर खोलीतली हवा आत जाते, आतली धूळ बाहेर येत नाही. निरीक्षक आधी दाबमापकाचा काटा बघतो, मग हातमोज्यांकडे वळतो. अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातले रबर आधी झिजते, म्हणून तिथे बोटांनी ताणून बारीक चिरा शोधतात. मोजा कधी बसवला याची तारीख कड्यावर आहे का आणि पेटीत एका वेळी किती ग्रॅम ठेवायचे याची पाटी समोर आहे का, हेही पाहतात. पाटी असते, पण काम करणाऱ्याला तो आकडा पाठ नसेल तर पाटीचा उपयोग होत नाही. हा प्रश्न प्रमुखाला न विचारता हातमोज्यात हात घातलेल्या माणसाला विचारावा लागतो.

पृष्ठभागावरची धूळ पकडायला ‘स्वाइप’ घेतात. गोल गाळणकागद बोटाखाली धरून टेबलाचा सुमारे दहा सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन हलक्या दाबाने पुसायचा, कागद छोट्या पाकिटात घालायचा, त्यावर जागा आणि वेळ लिहायची आणि मग मोजणीयंत्रात ठेवायचा. टेबल बहुधा स्वच्छच निघते, कारण तपासणीच्या आदल्या दिवशी ते पुसलेले असते. जाणता निरीक्षक दाराची मूठ, फोनचा रिसीव्हर, नळाची तोटी आणि खुर्चीचा हात पुसून बघतो. मोजे न काढता माणूस ज्यांना हात लावतो त्या या जागा. सर्व्हे मीटरचे, म्हणजे खोलीतला किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राचेही तसेच आहे. तो चालू होतो एवढ्याने भागत नाही, अंशांकनाची मुदत संपलेली नाही ना आणि छोट्या चाचणी स्रोताजवळ नेल्यावर काटा नेहमीएवढाच हलतो ना, हे बघावे लागते.

आगीचा विचार वेगळा करावा लागतो. प्लुटोनियमचा बारीक कीस हवेत आपोआप पेट घेतो. अमेरिकेतील रॉकी फ्लॅट्स कारखान्यात 1957 आणि 1969 मध्ये ग्लोव्ह बॉक्सना मोठ्या आगी लागल्या. पेट्यांच्या खिडक्या आणि संरक्षक थर जळणाऱ्या साहित्याचे होते, त्यामुळे आग पेटीतून पेटीत पसरली. पाणी मारावे तर क्रांतिकतेची भीती, न मारावे तर छत जळून धूळ शहराकडे जाण्याची, असा पेच अग्निशामकांपुढे होता. 1969 मध्ये शेवटी पाणीच मारले गेले. तेव्हापासून पेटीत किती चिंध्या आणि किती प्लास्टिक साठले आहे, ही तपासणीतली महत्त्वाची नोंद आहे.

दिवसअखेर बैठक होते. त्रुटी वाचून दाखवतात आणि दुरुस्तीची मुदत ठरते. गंभीर बाब असेल तर काम तिथेच थांबवता येते, परवाना निलंबितही होतो.

भारतातील व्यवस्था : किरणोत्सर्ग संरक्षणाचे सध्याच्या रचनेतील नियम 2004 मध्ये आले. त्यांनुसार प्रत्येक संस्थेला पात्र आरएसओ नेमावा लागतो. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची स्थिती मात्र निराळी आहे. 2000 साली नियामक मंडळाच्या कक्षेतून केंद्राच्या सुविधा काढण्यात आल्या आणि केंद्राचीच अंतर्गत सुरक्षा परिषद त्या पाहू लागली. तिथल्या आरोग्य भौतिकी विभागाने या देशात किरणोत्सर्ग मोजण्याची शिस्त रुजवली, टीएलडी बॅजही तिथेच विकसित झाला. तरीही तपासणारा आणि तपासला जाणारा एकाच संस्थेच्या छत्राखाली असणे योग्य नाही, मग ती संस्था कितीही नावाजलेली असो.

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी 2012 च्या अहवालात नियामक मंडळाच्या दुबळ्या कायदेशीर स्थानावर बोट ठेवले होते. त्याच अहवालात असेही नोंदले होते, की देशातील 57,443 वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी केवळ 5,270 मंडळाकडे नोंदलेली होती. नोंदच नसलेल्या जागी निरीक्षक पोहोचणार तरी कसा?

दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एप्रिल 2010 मध्ये हेच घडले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कॅनडाहून आणलेले एक गॅमा सेल, म्हणजे नमुन्यांवर गॅमा किरणांचा मारा करणारे यंत्र, 1985 पासून वापराविना पडून होते. फेब्रुवारी 2010 मध्ये ते इतर भंगाराबरोबर लिलावात गेले. कामगारांनी शिशाचे आवरण कापले आणि आतला कोबाल्ट-60 उघडा पडला. कोबाल्ट-60 चे अर्धायुष्य 5.27 वर्षांचे आहे. यंत्र आणल्यापासूनच्या चार दशकांत त्याची तीव्रता दीड-दोनशे पटींनी उतरली असणार, पण उरला तोही एकाचा जीव घ्यायला आणि इतरांना गंभीर इजा करायला पुरेसा ठरला. एका भंगारवाल्याने चमकणारा तुकडा खिशातल्या पाकिटात ठेवला होता.

तपासणीत नोंदवहीतला प्रत्येक स्रोत डोळ्यांनी दाखवावा लागतो, तो यासाठीच. यादीत नाव आहे, परवान्यात नाव आहे, पण ‘ते तळघरात असेल, किल्ली सरांकडे होती, सर निवृत्त झाले’ असे उत्तर आले की निरीक्षक बाकीची फेरी थांबवतो आणि आधी ते तळघर उघडायला लावतो.