वसुलीवाल्याला पैसे दिले की सिबिल साफ होतं? नाही हो

आमच्या सिडकोत टपरीवर हे कायम ऐकू येतं, वसुलीवाल्याशी अर्ध्यात मिटवा, तो सिबिलमधून, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीच्या रिपोर्टमधून, खातं उडवून देतो. साफ खोटं. एजंटच्या हातात रिपोर्टमधलं काहीच नसतं, माहिती पाठवते बँक, सिबिल ती फक्त नोंदवते. सातपूरला कंपनीत असलेल्या माझ्या मावसभावानं कार्डाचे ८२ हजार ४० मध्ये मिटवले, एजंट म्हणाला महिन्याभरात क्लीन, आणि दोन वर्षांनी होम लोनला गेला तर रिपोर्टवर ‘सेटल्ड’, म्हणजे पूर्ण फेडलेलं नाही, बँकवाला फाईल बघून गप्पच. मग उरलेले भरले, काही बाकी नाही असं बँकेचं नो ड्यूज लेटर घेतलं, तेव्हा कुठे ‘क्लोज्ड’ झालं, तरी जुने थकलेले हप्ते दिसतातच.

हां, नोंदच चुकीची असेल तर गोष्ट वेगळी. सिबिलच्या साईटवर तक्रार फुकट टाकता येते, ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. आणि सकाळी ८ च्या आधी नाहीतर संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन आला तर कॉल लॉगचा स्क्रीनशॉट ठेवा, रिझर्व्ह बँकेच्या नियमात ते बसत नाही.