पार्श्वभूमी : हृदयविकाराचे हातातले आणि हाताबाहेरचे धोके

नागपुरात चाळिशीतल्या कुणाला हृदयविकाराचा झटका आल्याचे कळले की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. ‘त्यांच्या घराण्यातच आहे’ ही एक आणि ‘खर्रा (तंबाखू-सुपारीचे घोटलेले मिश्रण) किती खायचा तो’ ही दुसरी. वैद्यकशास्त्र ज्यांना अनियंत्रणीय आणि नियंत्रणीय जोखीम घटक म्हणते, तीच ही विभागणी. ती वाटते तितकी जुनी नाही. तिला जेमतेम सहा-सात दशके झाली असून, तेवढ्या काळात काही घटकांनी आपली बाजूही बदलली आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रोहिण्या, म्हणजेच धमन्या, कठीण होणे हे केस पिकण्यासारखेच वार्धक्याचे लक्षण मानले जाई. रशियात निकोलाय अनिचकोव्ह यांनी १९१३ मध्ये सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत मेदाचे थर जमतात हे दाखवले होते. पण ससा हा शाकाहारी प्राणी, त्याच्यावरून माणसाचे काय ठरवायचे, असे म्हणून त्या प्रयोगाकडे बराच काळ दुर्लक्ष झाले. रक्तदाबाबाबतची समजूत तर आज धक्कादायक वाटावी अशी होती. अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त पुढे ढकलण्यासाठी शरीर स्वतःच दाब वाढवते, तेव्हा तो उतरवणे घातक ठरेल, असे अनेक नामांकित डॉक्टर मानत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मधील तपासणीत १८६/१०८ होता आणि १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला, त्या दिवशी तो ३००/१९० नोंदला गेला. जगातल्या सर्वांत सामर्थ्यशाली माणसाच्या डॉक्टरांकडेही विश्रांती, मीठ कमी करणे आणि काही जुजबी औषधे यापलीकडे फारसे काही नव्हते. म्हणजेच उच्च रक्तदाब त्या काळी व्यवहारतः ‘अनियंत्रणीय’ गटातच होता.

जून १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी राष्ट्रीय हृदय कायद्यावर स्वाक्षरी केली आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रामिंगहॅम या लहान शहरात एक दीर्घकालीन पाहणी सुरू झाली. तोवरचे संशोधन बहुतांशी आजारी पडलेल्यांकडून मागे वळून पाहणारे होते. इथे मात्र ५,२०९ स्त्री-पुरुषांना निवडून, दर दोन वर्षांनी त्यांची तपासणी करून, पुढे कोणाला हृदयविकार होतो याची वाट पाहण्यात आली. काम कंटाळवाणे होते, आणि त्याचे मोल त्या कंटाळवाण्या चिकाटीतच होते. १९५७ पर्यंत उच्च रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांचा हृदयविकाराशी संबंध आकड्यांतून दिसू लागला. १९६१ मध्ये विल्यम कॅनेल आणि सहकाऱ्यांच्या शोधनिबंधाने ‘जोखीम घटक’ ही कल्पना वैद्यकाच्या रोजच्या भाषेत आणली. वय, लिंग आणि आनुवंशिकता यांना बदलता येत नाही, हेही या पाहणीने ठळक केले. स्त्रियांना रजोनिवृत्तीपूर्वी मिळणारे संरक्षण नंतर ओसरत जाते, हे निरीक्षण त्यांतले विशेष महत्त्वाचे.

याच सुमारास लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये बसचालक आणि वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. दुमजली बसच्या जिन्यावरून दिवसभर चढउतार करणाऱ्या वाहकांपेक्षा बसून गाडी हाकणाऱ्या चालकांत हृदयविकार अधिक आढळला. शारीरिक हालचाल हा घटक अशा रीतीने यादीत आला.

कारण सापडले म्हणजे उपाय सापडला असे नाही. रक्तदाब औषधाने उतरवला तर मेंदूतील रक्तस्राव आणि हृदय निकामी होणे यांसारखे गंभीर परिणाम टळतात, हे अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या, एडवर्ड फ्रीस यांच्या नेतृत्वाखालील चाचणीने १९६७ मध्ये सिद्ध केले. कोलेस्टेरॉलसाठी जपानच्या अकिरा एन्डो यांनी बुरशीतून शोधलेल्या औषधवर्गातले पहिले औषध १९८७ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. रूझवेल्ट यांच्या काळात दैवाधीन असलेला आजार औषधांच्या दुकानातल्या गोळीच्या आवाक्यात आला.

तरीही हे ज्ञान बहुतांशी गोऱ्या लोकसंख्येचे होते. सालिम युसुफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाने २००४ मध्ये ही उणीव पुष्कळ भरून काढली. तंबाखू, रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि मद्याशी निगडित सवय या नऊ घटकांशी पहिल्या झटक्याची सुमारे ९० टक्के जोखीम जोडलेली आढळली. हा आकडा फार सैलपणे वापरला जातो. तो संपूर्ण लोकसंख्येला लागू आहे. शेजारच्या माणसाच्या झटक्यात त्याचा स्वतःचा दोष ९० टक्के होता, असा त्याचा अर्थ नव्हे. याच अभ्यासाच्या पुढील विश्लेषणात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी वयाच्या ५३व्या वर्षी, तर इतरत्र सुमारे ५९व्या वर्षी येतो असे दिसले.

असे का, याचे एक उत्तर पुण्यातून आले. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) अगदी सारखा, म्हणजे २२.३ होता, पण शरीरातील मेद युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाला. दोघांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. काटा सांगतो तेवढ्यावर भारतीयांनी विसंबू नये, हे त्यातून कुठल्याही तक्त्यापेक्षा चटकन कळते. भारतीयांसाठी कमरेच्या घेराच्या मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर अशा कमी ठेवण्यामागे हीच पार्श्वभूमी आहे.

‘घराण्यातच आहे’ या वाक्याचे वजनही गेल्या दशकात बदलले. वडील किंवा भाऊ यांना ५५ वर्षांपूर्वी, आई किंवा बहीण यांना ६५ वर्षांपूर्वी हृदयविकार झाला असेल तर तो वारसा महत्त्वाचा मानला जातो. परंतु २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी विश्लेषणात, ज्यांची आनुवंशिक जोखीम सर्वाधिक होती त्यांच्यातही चांगली जीवनशैली असणाऱ्यांना वाईट जीवनशैली असणाऱ्यांपेक्षा जवळजवळ निम्मा धोका आढळला. जनुके बदलत नाहीत. पण असा वारसा असलेल्याने रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल लवकर तपासायला घेणे हे पूर्णपणे त्याच्या हातात असते.

नागपूरच्या दुसऱ्या वाक्याचे, म्हणजे खर्ऱ्याचे, काय? सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घेऊन ठेल्यावर तळहाताखाली घोटला जाणारा हा पदार्थ धूर काढत नाही, म्हणून पुष्कळांना तो हृदयाच्या हिशेबात धरावासा वाटत नाही. चर्चा झाली तर तोंडाच्या कर्करोगाची होते. इंटरहार्टच्या २००६ मधील विश्लेषणात मात्र केवळ तंबाखू चघळणाऱ्यांनाही झटक्याचा धोका दुपटीहून अधिक दिसला. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली, परंतु ग्राहकासमोर ताजा घोटून दिला जाणारा खर्रा हा पाकिटबंद मालापेक्षा पकडायला अवघड असतो. नियंत्रणीय म्हणून नोंदवलेला हा घटक चौकाचौकांत विकला जातो, आणि ओपीडीत ‘सिगारेट ओढता का?’ एवढेच विचारले तर खर्रा खाणारा माणूस प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणून मोकळा होतो.