हेडचा बोल्ट आणि कापसाचा तानकाटा

वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी वावराच्या धुऱ्यावर कापसाची गाठोडी मोजतात. तानकाट्याच्या आकड्याला गाठोडं लटकलं की आतली स्प्रिंग ताणते. जितकं वजन, तितका ताण. मोटरसायकलच्या हेडचा, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचा, बोल्टही अशीच एक स्प्रिंग आहे, फक्त फार ताठ. आपण ‘बोल्ट आवळला’ म्हणतो, पण खरं तर तो ताणला जातो आणि परत आखडू पाहतो. त्या ओढीनेच हेड, त्याखालचं पॅकिंग आणि खालचा सिलिंडरचा ब्लॉक एकमेकांवर दाबून बसतात.

8 मिलिमीटर जाडीचा कोरडा बोल्ट 25 न्यूटन-मीटरने (हे पिळाचं माप) आवळला, तर ही ओढ साधारण दीड टन भरते. चार बोल्टांची सहा टन! त्यासाठी 10 सेंटीमीटरचा बोल्ट लांबतो जेमतेम 0.2 मिलिमीटर. शंभर सीसीच्या गाडीत पेट्रोल पेटतं तेव्हा हेडला वर ढकलणारा जोर टनाच्या आसपास असतो, तोही मिनिटाला दोन-अडीच हजार वेळा. एक बोल्ट ढिला राहिला की गरम वायू त्या बाजूचं पॅकिंग जाळत वाट काढतो.

खरी अडचण पुढेच आहे. किती जोराने आवळलं ते दाखवणारा टॉर्क पाना ताण मोजत नाही, पीळ मोजतो. आपल्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणायला लागतो. बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जिरतो. आट्यांत काळ्या मातीची धूळ किंवा गंज असेल, तर पाना 25 दाखवतो आणि बोल्ट मात्र पुरेसा ताणलेलाच नसतो. उलट, कोरड्यासाठी दिलेला आकडा तेल लावून गाठला, तर तीच ओढ दोन टनांवर जाते. मग बोल्ट कायमचा लांबतो, नाहीतर ॲल्युमिनियमचे आटे जातात. म्हणून मला महागड्या पान्याआधी स्वच्छ आटे महत्त्वाचे वाटतात. तेल लावायचं की नाही आणि आकडा किती, हे त्या गाडीच्या मॅन्युअलमध्येच पाहावं.

आवळताना समोरासमोरचे बोल्ट घ्यायचे, दोन-तीन टप्प्यांत. इंजिन पूर्ण थंड हवं, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. गरम इंजिनात बोल्ट आधीच ताणलेले असतात.

गावात टॉर्क पाना नसेल तर तोच तानकाटा कामी येतो. बोल्टच्या मध्यापासून 25 सेंटीमीटरवर पान्याला काटा अडकवून 10 किलोपर्यंत ओढलं की साधारण 25 न्यूटन-मीटर होतात. हिसका नको, संथ ओढ हवी, आणि काटा पान्याशी काटकोनातच धरायचा. तिरपा झाला तर काट्यावर 10 दिसतील, पण बोल्टला तेवढा पीळ मिळणार नाही.