पार्श्वभूमी : पन्नासच्या दशकातली अमेरिकन गाडी ‘क्लासिक’ कोणाच्या हिशेबाने?

1957 च्या शेवरोले बेल एअरमध्ये पेट्रोल कुठून भरायचं हे नवख्या माणसाला चटकन सापडत नाही. झाकण बाहेरून दिसतच नाही. डाव्या बाजूच्या मागच्या पंखाच्या, म्हणजे डिकीच्या कडेला शेपटीसारख्या उभ्या उंचवट्याच्या, टोकाला उभी क्रोमची पट्टी आहे, ती बिजागरीवर उघडते आणि तिच्या आत झाकण असतं. आदल्या वर्षीच्या मॉडेलमध्ये तेच डाव्या टेललाइटच्या मागे होतं. ही सुमारे 2,400 डॉलरची गाडी होती; कारखान्यात काम करणारा माणूस ती हप्त्यांवर घेऊ शकत होता. एवढी हौस त्या किमतीच्या गाडीत कंपनीने केली, हे या काळाबद्दल पहिल्यांदा लक्षात घ्यायला हवं.

पंखांची कुळकथा बहुतेकांना ठाऊक आहे : लॉकहीड पी-38 या लढाऊ विमानाच्या जोडशेपटीवरून 1948 च्या कॅडिलॅकला छोटे उंचवटे आले, 1957 मध्ये क्रायस्लरने ते ताणले आणि 1959 च्या कॅडिलॅकवर ते कळसाला पोचले. माझ्या मते महत्त्वाचं वर्ष 1955 चं. त्या वर्षी शेवरोलेला 265 घनइंचांचं, म्हणजे सुमारे 4.3 लिटरचं, हलकं आणि स्वस्त व्ही-8 (आठ सिलिंडरचं) इंजिन मिळालं. तोवर शेवरोले म्हणजे घरच्या म्हाताऱ्यांची भरवशाची गाडी होती. या इंजिनाने ती तरुणांच्या हातात गेली आणि आज जो शौक आपण पाहतो त्याची मुळं तिथे आहेत.

एक गोष्ट मात्र विसरली जाते. 1957 च्या मॉडेल वर्षात फोर्डने शेवरोलेला मागे टाकलं होतं. बेल एअरचा तोच सांगाडा तिसऱ्या वर्षी चालू होता आणि शेजारी उभ्या नव्या फोर्ड, प्लायमाउथपुढे ती जुनाट वाटत होती. आज प्रदर्शनात मात्र लोक ‘सत्तावन्न शेव्ही’भोवती, म्हणजे 1957 च्या शेवरोलेभोवती, जमतात. त्याच साली खपलेल्या क्रायस्लरच्या देखण्या गाड्या पत्रा लवकर गंजल्याने मोठ्या संख्येने भंगारात गेल्या. शेव्ही मात्र साठच्या दशकात सेकंडहँड बाजारात मुबलक आणि स्वस्त होती. पोरांनी ती घेतली, घरामागच्या शेडमध्ये इंजिन उतरवलं, पुन्हा चढवलं, ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या छोट्या पट्ट्यावर, पळवली. गाड्या हातात राहिल्या म्हणून टिकल्या.

आता शब्दाकडे. अमेरिकेत ‘क्लासिक’ हा शब्द आधी दुसऱ्यांनी घेऊन ठेवला होता. 1952 मध्ये संग्राहकांच्या एका क्लबने तो स्वतःपुरता बांधून घेतला : 1925 ते 1942 या काळातल्या, महागड्या, मर्यादित संख्येच्या, शक्यतो स्वतंत्र कारागिरांकडून बॉडी बांधून घेतलेल्या गाड्याच क्लासिक. म्हणजे ड्यूसेनबर्ग, पॅकार्ड, मोठ्या कॅडिलॅक. पुढे ही मुदत मागे 1915 आणि पुढे 1948 पर्यंत सरकली. युद्धापूर्वीच्या आराखड्यावरच युद्धानंतर बनत राहिलेल्या लिंकन कॉन्टिनेंटलसारख्या गाड्या त्यात बसल्या. रेघ मात्र तिथेच थांबली.

त्या निर्णयामागची भावना समजते. ज्या वेळी पॅकार्ड भंगारच्या भावाने जात होत्या, तेव्हा या लोकांनी त्या उचलून वाचवल्या. सुतार, लोहार आणि चामडेकाम करणाऱ्यांनी मिळून एकेक गाडी घडवायची, ही परंपरा युद्धानंतर जवळपास संपली, हेही खरं. पण रेघ कुठवर न्यायची याचा निकष गुणवत्ता होता की तारीख, हा प्रश्न तेव्हाही होता आणि त्याचं समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. 1957 ची कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोअम घ्या. किंमत 13,074 डॉलर, छत स्टेनलेस स्टीलचं, हवेचं सस्पेन्शन, दरवाजे समोरासमोर उघडणारे आणि मधला खांबच नाही. दोन वर्षांत 704 गाड्या बनल्या. महाग आहे, मोजक्या आहेत, बरंचसं काम हातचं आहे. तरी या व्याख्येत ती क्लासिक नाही, कारण ती उशिरा जन्मली.

दुसऱ्या, आणखी जुन्या आणि मोठ्या क्लबने सोपा मार्ग धरला : पंचवीस वर्षं झाली की गाडी ‘अँटिक’. त्या हिशेबाने बेल एअर 1982 मध्ये अँटिक झाली, तीही ‘क्लासिक’ न होता. अनेक राज्यांनी जुन्या गाड्यांच्या खास नंबर प्लेटसाठी पंचवीस वर्षांचीच अट ठेवली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला युद्धानंतरच्या निवडक गाड्यांसाठी ‘माइलस्टोन’ हा नवा शब्द काढून पाहिला गेला. तो रुळला नाही. लोकांनी आपला शब्द आधीच ठरवला होता. पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी आणि कार्लाइलच्या सुट्या भागांच्या बाजारात, डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर, जाहिरातींत आणि विम्याच्या कागदांत सत्तावन्न शेव्ही क्लासिकच आहे. जुन्या क्लबला शेवटी आपल्या गाड्यांसाठी ‘फुल क्लासिक’ असं विशेषण लावून घ्यावं लागलं.

शब्दाचा वाद थंडावल्यावर अस्सलपणाचा वाद पेटला. बेल एअरला भाव आला तशा शेवरोलेच्याच साध्या ‘टू-टेन’ मॉडेलला बेल एअरच्या पट्ट्या लावून विकणारे निघाले. म्हणून जाणकार आधी गाडीवरचा कारखान्याचा नंबर वाचतो : त्या वर्षीच्या व्ही-8 बेल एअरचा क्रमांक ‘व्हीसी57’ने सुरू होतो, टू-टेनचा ‘व्हीबी57’ने. आता तर सत्तावन्नचा अख्खा सांगाडा नव्या पत्र्यात बनवून मिळतो. एकीकडे स्क्रूच्या डोक्यावरची खूण तपासणारे, दुसरीकडे आत नवं इंजिन, डिस्क ब्रेक आणि एसी बसवून रोज चालवणारे. माझा कल चालवणाऱ्यांकडे आहे, आणि त्याचं कारण मुंबई आहे.

या गाड्या मुंबईला परक्या नव्हत्या. शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना 1928 पासून होता, तर कुर्ल्याला प्रीमियर कंपनीकडे 1947 पासून क्रायस्लरच्या गाड्या जुळत होत्या. डॉज किंग्जवे, प्लायमाउथ आणि डिसोटो ही नावं तीन, पण गाडी बरीचशी एकच; जाळी आणि बिल्ले बदललेले. 1953 मध्ये सरकारने नुसती जुळणी करणाऱ्यांना मुदत दिली : भाग इथे बनवा, नाहीतर बंद करा. 1954 मध्ये शिवडी बंद झालं. कुर्ल्याने फिएट घेतली. डॉज-प्लायमाउथ पुढेही काही वर्षं निघत राहिल्या. त्यामुळे बेल एअरचं सत्तावन्नचं रूप इथे कधी जुळलंच नाही, आणि मुंबईच्या आठवणीत अमेरिकन गाडी म्हणजे पंख नसलेली, गोलाकार, जड डॉज.

पेट्रोल परवडेना तसं या गाड्यांची मूळ इंजिनं उतरली आणि डिझेल बसली. टॅक्सी म्हणून, लग्नाच्या वरातीत, चित्रपटांच्या सेटवर त्या वर्षानुवर्षं राबल्या. मूळ सुटे भाग येत नव्हते; मेकॅनिकने लेथवर जे बनवून दिलं त्यावर त्या चालल्या. आयातीचा नियमही आडवा होता : 1950 पूर्वीची गाडी विनापरवाना आणता येई, पन्नासच्या दशकातली नाही. पन्नास वर्षांहून जुनी कोणतीही गाडी आणण्याची मुभा 2025 मध्ये मिळाली.

त्याआधी जुलै 2021 मध्ये केंद्राने नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली गाडी ‘विंटेज’, नंबरमध्ये ‘व्हीए’ ही अक्षरं, नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये. इंग्लंडमधल्या शौकिनांच्या परंपरेत विंटेजची हद्द 1930 ला संपते. आपल्या कायद्याने ती दरवर्षी पुढे सरकते, आणि हे मला जास्त न्याय्य वाटतं. अडचण पुढच्या अटीत आहे. गाडी मूळ स्वरूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. व्यावसायिक वापर तर नाहीच. म्हणजे ज्या प्लायमाउथला डिझेल इंजिनाने आणि वरातीच्या भाड्याने चाळीस वर्षं भंगारवाल्यापासून लांब ठेवलं, तिला ‘व्हीए’ची पाटी हवी असेल तर आधी ते इंजिन उतरवावं लागतं आणि त्या काळचं पेट्रोल इंजिन शोधायला निघावं लागतं.