भंगारातले भोंगे

कारखान्याचा किंवा धोक्याचा इशारा देणारा विजेवरचा भोंगा, म्हणजे सायरन, बंद पडलेला असो, गंजलेला असो, त्याची वायर कोणी कापून नेलेली असो. तो कोणत्या सुरात वाजत होता हे आजही छातीठोकपणे सांगता येतं. त्याच्या आतल्या चाकाच्या कडेच्या खिडक्या मोजायच्या, मोटर सेकंदाला किती फेरे घेते ते नेमप्लेटवर पाहायचं आणि गुणाकार करायचा.

हे पडताळून पाहायला उत्तम जागा म्हणजे विदर्भातल्या वणीहून वरोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचं एका भंगार व्यावसायिकाचं आवार. आजूबाजूला कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, तेलगिरण्या, कोळशाच्या खाणी; त्यामुळे जुन्या यंत्रांचा ओघ इथे बारमाही. मोटर आली की फुटते, तांबं एका ढिगात आणि बीड दुसऱ्या ढिगात जातं. भोंगे मात्र मालकांनी फोडलेले नाहीत. कडुनिंबाखाली विटांवर टेकवून ते रांगेनं मांडलेत. कशावर जिनिंगचा रंग, कशावर कोळशाची काजळी. "तांबं काढलं तं आजच पैसे भेटतात जी, पन हात नाही चालत," असं ते म्हणाले. त्यांच्याकडे काम करणारे काका पूर्वी एका जिनिंगमध्ये वायरमन होते. प्रत्येक भोंग्याचं बेअरिंग त्यांनी हातानं फिरवून पाहिलेलं आहे.

त्यातला एक दुतोंडी भोंगा मी बराच वेळ न्याहाळला. मधोमध मोटर, तिच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक ओतीव ॲल्युमिनियमचं चाक आणि प्रत्येक चाकाभोवती घट्ट बसवलेला, न हलणारा पिंजरा. चाक म्हणजे रोटर, पिंजरा म्हणजे स्टेटर. दोन्हींच्या कडेला सारख्याच संख्येनं उभ्या चौकोनी खिडक्या. चाक फिरू लागलं की ते तोंडातून हवा आत ओढतं आणि कडेकडे फेकतं. चाकाची खिडकी पिंजऱ्याच्या खिडकीसमोर आली की हवेचा झोत बाहेर पडतो. पुढच्याच क्षणी मधली भिंत आडवी येते आणि झोत तुटतो. टेबल फॅनसमोर तोंड धरून 'आ' म्हटलं की आवाजाचे तुकडे पडतात, तसे इथे हवेचे तुकडे पडतात. सेकंदाला जितके तुकडे, तितकी आवाजाची वारंवारता.

एका पिंजऱ्याच्या दोन खिडक्या कुंभारीण माशीनं मातीनं लिंपून टाकल्या होत्या. काकांनी पेचकसानं ती माती खरवडली तेव्हा चाक आणि पिंजरा यांच्यातली फट दिसली. ती फट हाच या यंत्राचा प्राण आहे. ती रुंद झाली तर भिंत आडवी आल्यावरही हवा बाजूनं निसटत राहते, झोत नीट तुटत नाही आणि आवाज मरतो. फार अरुंद ठेवली तर उन्हाळ्यात धातू फुगून चाक घासतं.

नेमप्लेटवर थ्री फेज, 50 सायकल आणि मिनिटाला 2880 फेरे असं कोरलेलं होतं. 50 सायकलच्या विजेवर दोन ध्रुवांच्या मोटरचं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला 3000 फेरे घेतं. चाक त्याच्या थोडं मागे राहतं. 2880 म्हणजे सेकंदाला 48 फेरे. एका बाजूला 10 खिडक्या होत्या, दुसऱ्या बाजूला 12. म्हणजे एकीकडून 480 हर्ट्झ, दुसरीकडून 576. दोन्हींचं गुणोत्तर 5 ला 6. 480 ला षड्ज मानलं तर 576 हा नेमका कोमल गंधार. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश भोंग्यांत 10 आणि 12 खिडक्यांची हीच जोडी वापरात होती. त्या आवाजात जो उदासपणा जाणवतो त्यात या सा-कोमल ग जोडीचा मोठा वाटा आहे, असं मला वाटतं.

गुणाकारानं सूर सांगता येणं हा योगायोग नाही, कारण हे यंत्र मुळात त्यासाठीच घडलं. 1819 साली फ्रान्समध्ये शार्ल कान्यार द ला तूर यांनी छिद्रांच्या तबकडीतून हवा सोडून आवाज काढणारं उपकरण बनवलं. त्याला फेरे मोजणारा गणक जोडलेला होता. एखाद्या वाद्याचा सूर या उपकरणाच्या सुराशी जुळवायचा आणि गणक वाचून कंपनांची संख्या काढायची. पुढे जर्मनीत हेल्महोल्ट्झ यांनी अशी दोन उपकरणं एकमेकांवर बसवून स्वरांची गुणोत्तरं तपासली. धोक्याचा इशारा देण्याचं काम भोंग्याकडे नंतर आलं.

शिट्टीत किंवा बासरीत सूर ठरतो तो नळीतल्या हवेच्या स्तंभावर. हवा तापली की तिच्यातला ध्वनीचा वेग वाढतो. 10 अंशांना तो सेकंदाला सुमारे 337 मीटर असतो, 45 अंशांना 358. नळीतली हवा जानेवारीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत एवढी तापली तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वरानं चढेल. भोंग्याचा सूर मात्र हवेवर अवलंबून नाही. तो फक्त चाकाच्या वेगाचं ऐकतो, आणि चाकाचा वेग विजेचं. काकांनी हे त्यांच्या भाषेत सांगितलं: "लाइन डाऊन असली का भोंगा घोगरा वाजे जी. शेतातल्या मोटरी सुरू झाल्या, हे आम्हाले भोंग्यावरूनच समजे." विजेचा दाब (व्होल्टेज) उतरला की मोटरचा जोर दाबाच्या वर्गाच्या पटीत घटतो. दाब दहा टक्क्यांनी कमी झाला तर जोर जवळपास वीस टक्क्यांनी. चाक आणखी मागे पडतं, सूर उतरतो. वायरमनच्या कानानं पकडलेली गोष्ट भौतिकशास्त्राच्या बरहुकूम आहे.

आवाज तयार करण्याचं शास्त्र असं डोळ्यांनी पाहण्याइतकं सोपं आहे. खरी अडचण आवाज तोंडातून बाहेर पडल्यानंतर सुरू होते, आणि विदर्भाच्या हवेत ती फार मोठी आहे.

उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं घटतो, असं पुस्तकात शिकवतात. झाडं, घरं, जमीन आणि वारा धरून भोंगे बसवणारे लोक दुप्पट अंतराला 10 डेसिबलची घट धरून चालतात. 30 मीटरवर 120 डेसिबल देणारा दणकट भोंगा या हिशेबानं एक किलोमीटरच्या आसपास 70 डेसिबलवर येतो. मोकळ्या अंगणात तो कळेल. मळणी यंत्राशेजारी उभ्या माणसाला कळणार नाही.

वारंवारता चार-पाचशेच्या आसपास का, याचंही उत्तर हवेतच आहे. माणसाचा कान सर्वांत तिखट असतो तो 2000 ते 5000 हर्ट्झच्या पट्ट्यात. मग भोंगे तिथे का नाहीत? कारण हवा उंच सूर गिळते. 20 अंश तापमान आणि 70 टक्के आर्द्रता असताना 500 हर्ट्झचा आवाज किलोमीटरमागे सुमारे 3 डेसिबल गमावतो, 4000 हर्ट्झचा सुमारे 23. शिवाय 500 हर्ट्झची तरंगलांबी 70 सेंटीमीटरच्या घरात असते. ती घराच्या कोपऱ्याला, गोठ्याच्या भिंतीला वळसा घालून पलीकडे पोचते.

सगळ्यांत जास्त घात करते ती दुपार. मे महिन्यात काळी जमीन भाजून निघते. तिच्या लगतची हवा सर्वांत गरम, वर जावं तशी ती थंड. गरम हवेत ध्वनी वेगानं जातो, म्हणून ध्वनिलहरीचा खालचा भाग पुढे निघतो, वरचा मागे राहतो आणि सगळी लहर आकाशाकडे वाकते. ठराविक अंतरापलीकडे जमिनीवर ध्वनीची सावली पडते. ढोबळ हिशेब करून पाहू. दर 10 मीटरला तापमान एक अंशानं उतरत असेल, भोंगा 10 मीटर उंच असेल आणि ऐकणाऱ्याचे कान दीड मीटरवर असतील, तर सावली साधारण 500 मीटरवर सुरू होते. भोंगा 20 मीटरवर नेला तर ती साडेसहाशेच्या थोडी आत येते. उंची दुप्पट करूनही दीडशे मीटरच पदरात पडतात! सावलीत अगदी सामसूम नसते, हवेतल्या खळबळीमुळे थोडा आवाज झिरपतो. पण जोर गेलेला असतो. वाऱ्याच्या उलट बाजूलाही अशीच सावली पडते, कारण वर वारा जास्त असतो आणि तो लहरीचा वरचा भाग मागे ढकलतो.

हिवाळ्याच्या रात्री सगळं उलटतं. जमीन थंड, वरची हवा तुलनेनं उबदार. लहरी खाली वाकतात आणि पाच कोसांवरच्या रेल्वेची शिट्टी घरात ऐकू येते. म्हणून "आमच्या गावचा भोंगा दूरपर्यंत ऐकू येतो" या वाक्याला वेळ सांगितल्याशिवाय अर्थ नाही.

हे कोडं पडलेल्यांत भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल हे मोठं नाव. 1873 साली त्यांनी इंग्लंडच्या साऊथ फोरलंड किनाऱ्यावर तोफा, कर्णे आणि वाफेचा भोंगा वाजवून जहाजांवरून आवाज ऐकला. धुक्यात आवाज अडतो असा तेव्हा सर्वांचा समज होता. आढळलं ते भलतंच: दाट धुक्यात आवाज लांबवर पोचला आणि काही स्वच्छ, उन्हाच्या दिवसांत तो जवळच विरला. टिंडल यांनी त्याचा दोष हवेतल्या अदृश्य 'ध्वनिढगांना' दिला. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याच दशकात वारा आणि तापमान यांमुळे लहरी कशा वाकतात हे प्रयोगांनी दाखवलं. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं, पण आपल्याकडच्या भर दुपारी रेनॉल्ड्स जास्त उपयोगी पडतात.

भोंगा वरखाली का रडतो, तेही याच ओघात पाहण्यासारखं आहे. धोक्याचा इशारा चढता-उतरता, धोका टळल्याचा इशारा एकसुरी, ही आपल्या नागरी संरक्षणाची रीत. चढउतार काढायला वेगळं यंत्र लागत नाही. वीज द्यायची, तोडायची, पुन्हा द्यायची. चाकाचं वजनच सुराला हळूहळू चढवतं आणि उतरवतं. त्याचा फायदा दुहेरी आहे. एकसारख्या आवाजाकडे मेंदू लवकरच दुर्लक्ष करायला लागतो, बदलत्या आवाजाकडे करत नाही. आणि दुसरं, भिंतींवरून परतलेल्या लहरी सरळ आलेल्या लहरींना काही जागी पुसून टाकतात. एकच सूर असेल तर अंगणातला एखादा कोपरा बहिराच राहतो. सूर सरकत राहिला की ते बहिरे कोपरेही सरकत राहतात आणि कोणीही सुटत नाही. दुतोंडी भोंग्याचे दोन सूर हेच काम करतात: एक सूर जिथे पुसला जातो तिथे दुसरा सहसा शिल्लक असतो.

आता हे सगळे उतरवून का ठेवले? कारखान्यांच्या पाळ्या घड्याळावर आणि मोबाइलवर गेल्या. जिथे इशारा हवाच आहे तिथे बॅटरीवर चालणारे इलेक्ट्रॉनिक भोंगे आले. ते बोलूही शकतात, "नदीकाठ सोडा" असं स्पष्ट सांगू शकतात. हा बदल चांगलाच आहे. 2023 साली सरकारनं सेल ब्रॉडकास्टच्या, म्हणजे टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या मोबाइलवर एकदम इशारा पाठवण्याच्या, चाचण्या घेतल्या, तेव्हा आपल्यातल्या अनेकांचे फोन एकाच वेळी किंचाळले होते. आकाशातल्या विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप आहे.

पण भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बाईजवळ फोन नसतो. तो घरी असतो, चार्जिंगला किंवा मुलाच्या हातात. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या धरणाचं पाणी वैनगंगेत आलं, गोसेखुर्द धरणाचे सर्व 33 दरवाजे उघडावे लागले आणि भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी, गडचिरोलीपर्यंत गावं पाण्याखाली गेली. अशा रात्री झोपलेल्या माणसाला उठवणारा आवाज हवा, आणि रात्रीची हवा तो आवाज दूरवर न्यायला अनुकूल असते. म्हणून माझं ठाम मत आहे की फोन आणि भोंगा एकमेकांच्या जागी नकोत, जोडीनं हवेत. वणी-घुग्घूसच्या खुल्या खाणींत सुरुंग उडवण्याआधी आजही भोंगाच वाजतो, कारण तिथे 'संदेश पाहिला नाही' ही सबब कोणालाच परवडत नाही.

रांगेच्या शेवटी एक हाती भोंगा होता, तीन पायांच्या घोडीवर बसवलेला. चाकावर खडूची खूण करून काकांनी हँडल अगदी सावकाश एकदा फिरवलं. आत चाकाचे चाळीसच्या आसपास फेरे झाले. खिडक्या 10. म्हणजे सेकंदाला हँडलचा एक फेरा दिला की 400 हर्ट्झ. जोर लावला की सूर चढतो, हात ढिला सोडला की उतरतो. मोठ्या भोंग्याचा पल्ला त्याला नाही, पण एका वस्तीला पुरेल इतका आहे, आणि वादळात लाइन गेली, टॉवर बंद पडला तरी तो वाजतो. नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत असा एक असायला हवा. त्याची देखभालही मोठी नाही: पावसाळ्यापूर्वी बेअरिंगला ग्रीस, आणि कुंभारीण माशी आत शिरू नये म्हणून तोंडाला बारीक जाळी.