नाशिकची क्रीडापरंपरा

नाशिकची क्रीडापरंपरा : गोदावरीकाठच्या नाशिक शहरात व जिल्ह्यात रुजलेले खेळ, तिथल्या तालमी, मैदाने आणि खेळाडू यांचा इतिहास. मल्लखांब, कुस्ती, क्रिकेट, लांब पल्ल्याची धाव, बुद्धिबळ, नौकानयन व सायकलिंग ही तिची ठळक अंगे होत.

नाशिकचा खेळाडू ठरवताना जन्म धरावा की घडण, हा प्रश्न इथे वारंवार पडतो. कसोटीपटू बापू नाडकर्णी नाशिकला जन्मले, पण त्यांचे मोठे क्रिकेट पुण्या-मुंबईकडून झाले. बुद्धिबळातील ग्रँडमास्टर विदित गुजराथी यांचा जन्म इंदूरचा, शाळा मात्र नाशिकची. पैलवान हर्षवर्धन सदगीर मूळचे नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याचे; २०२० ची महाराष्ट्र केसरीची गदा त्यांनी नाशिक जिल्ह्यातर्फे लढून मिळवली. या नोंदीत दोन्ही प्रकारचे खेळाडू घेतले आहेत. तरी गावाचे श्रेय जन्मनोंदीपेक्षा सरावाच्या मैदानावर अधिक ठरते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

परंपरेचा सर्वांत जुना आणि सर्वांत वादाचा धागा मल्लखांबाचा आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेले बाळंभटदादा देवधर हे या विद्येचे प्रवर्तक मानले जातात. निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन पैलवान पुण्यात आव्हान घेऊन आले, ते ऐन तारुण्यातल्या बाळंभटदादांनी स्वीकारले, तयारीसाठी मुदत मागितली आणि ते नाशिक जिल्ह्यातील वणीच्या सप्तशृंगगडावर जाऊन राहिले, अशी कथा शिष्यपरंपरेतून आली आहे. गडावर देवीची उपासना चालू असताना त्यांना मारुतीचा दृष्टांत झाला व त्याने लाकडी खांबावर पकडी करून दाखवल्या, असे एक कथन सांगते. दुसऱ्या कथनात दृष्टांत नाही. झाडांवर खेळणारी माकडे पाहून दादांनी या पकडी बसवल्या, एवढेच आहे. गडावर आजही माकडांचा वावर असल्याने दुसरे कथन ऐकणाऱ्याला चटकन पटते. पुढे दादांनी अलीला चीत केले व गुलाब न लढताच निघून गेला, यावर दोन्ही कथनांचे एकमत आहे.

याउलट, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, मल्लांच्या व्यायामासाठी स्तंभाचा उल्लेख येतो. त्यावरून काही अभ्यासक मल्लखांबाचा उगम सप्तशृंगगडावरून उचलून सात शतके मागे नेतात. दोन्ही मते एकमेकांना छेदतातच असे नाही. खांबावरची मेहनत कुस्तीच्या आखाड्यात जुनीच असावी. तिला पकडींचा क्रम आणि शिकवण्याची पद्धत देऊन स्वतंत्र विद्येचे रूप अठराव्या शतकाच्या अखेरीस वा एकोणिसाव्याच्या आरंभी बाळंभटदादांनी दिले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यांच्या व शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांच्या हातून ही विद्या काशीपर्यंत पोहोचली. १९८१ मध्ये मल्लखांबाचा अखिल भारतीय महासंघ स्थापन होऊन स्पर्धांना नियमांची चौकट मिळाली.

पुरलेला, टांगता आणि दोरीचा असे तीन प्रकार आज स्पर्धेत आहेत. पुरलेला खांब शिसवी वा सागवानी असतो. बुंध्याशी जाड, वर निमुळता होत गेलेला, त्यावर मान आणि टोकाला बोंड. खांबाला एरंडेल चोळतात. शिकाऊ मुलाला पहिल्या दिवशी हेच तेल भोवते. हाताने खांब धरला की हात सुटतो; म्हणून मांड्यांनी आणि पावलांनी धरायला शिकावे लागते. पायांनी घातलेल्या या मिठीला अढी म्हणतात. अढी पक्की झाली की सलामी, तेढी, वेल, सुईदोरा, फरारे अशा पुढच्या प्रकारांचा प्रवास सुरू होतो. नाशिकमध्ये हे शिक्षण यशवंत व्यायामशाळेने जपले आहे. सप्तशृंगगडाची कथा इतिहास म्हणून टिको वा न टिको, गडाच्या जिल्ह्यात मुले अजून खांबाला अढी घालतात, ही मोलाची गोष्ट आहे.

कुस्तीचे जुने केंद्र भगूर. देवळालीच्या छावणीला लागून असलेल्या या गावातील बलकवडे व्यायामशाळेने जिल्ह्याला पैलवान दिले. जानेवारी २०२० मध्ये पुण्याच्या बालेवाडीत सदगीर यांनी लातूरच्या शैलेश शेळके यांच्यावर ३–२ अशी मात केली. अंतिम फेरीचे दोन्ही मल्ल पुण्यात काका पवार यांच्या तालमीत तयार झालेले होते, त्यामुळे या विजयाच्या श्रेयात पुण्याचाही वाटा धरावा लागतो.

मैदानी साहेबी खेळ बहुधा देवळालीच्या लष्करी छावणीमुळे आले. शहराच्या मुख्य क्रिकेट मैदानाला लोक आजही ‘गोल्फ क्लब’च म्हणतात. त्याचे अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असे आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणाऱ्या कान्हेरे यांचे नाव साहेबांच्या गोल्फच्या जागेला लाभले आहे. रणजी करंडकाचे सामने याच मैदानावर होतात. जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्राने येथे बडोद्याचा ४३९ धावांनी पराभव केला. सलामीवीर मुर्तझा ट्रंकवाला व डावखुरा फिरकीपटू सत्यजित बच्छाव हे महाराष्ट्राच्या संघातील नाशिककर. सिन्नरच्या माया सोनवणे हिची लेगस्पिन २०२२ च्या महिला टी-२० चॅलेंज स्पर्धेत गाजली ती चेंडू सोडताना मान जमिनीकडे झुकवणाऱ्या तिच्या आगळ्या शैलीमुळे.

नाशिकमध्ये जन्मलेल्या क्रिकेटपटूंत सर्वांत मोठे नाव रमेशचंद्र गंगाराम ऊर्फ बापू नाडकर्णी (४ एप्रिल १९३३–१७ जानेवारी २०२०) यांचे. १९५०–५१ च्या रोहिंटन बारिया या आंतरविद्यापीठ स्पर्धेत ते पुणे विद्यापीठाकडून खेळले, पुढच्या हंगामात महाराष्ट्राकडून प्रथम श्रेणीत आले आणि नंतर मुंबईचे झाले. डिसेंबर १९५५ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध दिल्लीत पहिल्याच कसोटीत नाबाद ६८ धावा, पुढे एकूण ४१ कसोट्या, ८८ बळी आणि षटकामागे जेमतेम १.६७ धावा, असा त्यांचा हिशेब आहे. खेळपट्टीवर नाणे ठेवून त्याच्यावर टप्पा टाकण्याचा सराव ते करीत, असे सांगतात.

जानेवारी १९६४ मधील मद्रास कसोटीत त्यांनी इंग्लंडविरुद्ध सलग २१ निर्धाव षटके टाकली. त्या डावातील त्यांचे पृथक्करण (षटके–निर्धाव षटके–धावा–बळी) ३२–२७–५–० असे आहे. ते गोलंदाजीच्या चार हप्त्यांत (स्पेलमध्ये) मोडते : ३–३–०–०, ७–५–२–०, १९–१८–१–० आणि ३–१–२–०. तिसऱ्या हप्त्यात १८ च निर्धाव षटके असल्याने विक्रमाची उरलेली तीन दुसऱ्या हप्त्याच्या शेपटाला शोधावी लागतात. धाव न देता टाकलेले सलग चेंडू १३१, म्हणजे २१ षटकांचे १२६ आणि वर पाच. इथे लिहिणाऱ्यांची गल्लत होते. दक्षिण आफ्रिकेच्या ह्यू टेफील्डने १९५६–५७ मध्ये इंग्लंडविरुद्ध डर्बनला सलग १३७ चेंडू निर्धाव टाकले होते. तिथे षटक आठ चेंडूंचे असल्याने निर्धाव षटके १६ भरली. तेव्हा षटकांचा विक्रम नाडकर्णींचा आणि चेंडूंचा टेफील्डचा, असा भेद राखणे योग्य. एवढ्या चेंडूंत बळी एकही नाही, म्हणून या कामगिरीला कमी लेखणारेही आहेत. त्याच मालिकेत कानपूरला याच गोलंदाजाने नाबाद ५२ आणि नाबाद १२२ धावा केल्या, हे त्यांनी पाहावे.

अलीकडच्या काळात नाशिकची ओळख झाली ती धावपटूंनी. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूलजवळच्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावर १९८५ मध्ये जन्मलेल्या कविता राऊत यांना ‘सावरपाडा एक्सप्रेस’ म्हणतात. ८ ऑक्टोबर २०१० रोजी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी १०,००० मीटरमध्ये ३३ मिनिटे ५.२८ सेकंद वेळ देऊन कांस्यपदक मिळवले. राष्ट्रकुलात ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्यानंतर सहाच आठवड्यांनी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी हेच अंतर ३१ मिनिटे ५१.४४ सेकंदांत कापले आणि रौप्य घेतले. सुवर्ण प्रीजा श्रीधरनचे होते, ३१ मिनिटे ५०.४७ सेकंदांचे; २५ फेऱ्यांनंतर दोघींत अंतर एका सेकंदाहून कमी. दीड महिन्यात ७३ सेकंदांहून अधिक सुधारणा या पल्ल्यात क्वचितच दिसते. २०१२ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, २०१६ मध्ये त्या रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन धावल्या.

नाशिकला लांब पल्ल्याचे धावपटू का तयार होतात, याची दोन उत्तरे दिली जातात. पहिले हवामानाचे व उंचीचे. पण शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, आणि उंचीवरच्या सरावाचा लाभ साधारणतः २,००० मीटरच्या आसपास मिळू लागतो. तेव्हा हे कारण लंगडे आहे. दुसरे कारण पाड्यावरच्या जिण्याचे : डोक्यावर पाण्याचे हंडे, शाळेची पायपीट, चढ-उतार. त्यात तथ्य आहे, परंतु असे जिणे सह्याद्रीच्या इतर पाड्यांवरही आहे आणि तिथे सगळीकडे कविता राऊत झालेल्या नाहीत. फरक पडला तो प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्यामुळे आणि भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर पहाटे नेमाने होणाऱ्या सरावामुळे. चांदवड तालुक्यातील संजीवनी जाधव (२०१७ च्या भुवनेश्वर आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत ५,००० मीटरचे कांस्य) आणि त्याच वर्षी लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावलेल्या दिंडोरीच्या मोनिका आथरे ही पुढची पिढी. सुरगाणा तालुक्यातील तोरणडोंगरीचे दिलीप गावित यांनी लहानपणी उजवा हात गमावला. २०२३ मध्ये हांगझूच्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्यांनी ४०० मीटरचे सुवर्ण जिंकले व पुढच्या वर्षी पॅरिस पॅरालिंपिकची अंतिम फेरी गाठली.

बुद्धिबळात विदित गुजराथी २००८ मध्ये १४ वर्षांखालील जगज्जेते व २०१३ मध्ये ग्रँडमास्टर झाले. २०२३ ची फिडे ग्रँड स्विस स्पर्धा जिंकून ते जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेसाठी पात्र ठरले आणि २०२४ मध्ये टोरांटोत त्यांनी हिकारू नाकामुरावर दोनदा मात केली. त्याच वर्षी बुडापेस्ट ऑलिंपियाडच्या सुवर्णविजेत्या भारतीय संघात ते होते. सायकलिंगमध्ये डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करणारी शर्यत जोडीने पूर्ण केली.

नौकानयनातील दत्तू भोकनळ यांचे गाव चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही, टँकरच्या पट्ट्यातले. वडिलांबरोबर विहिरी खोदणाऱ्या या मुलाने वल्हे हातात घेतले ते लष्करात, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाल्यावर. सुरुवातीला त्यांना पाण्याची भीती वाटे. रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्स (प्रत्येकी दोन वल्ह्यांच्या) प्रकारात ते तेरावे आले, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेंबांगला सवर्ण सिंग, ओमप्रकाश व सुखमीत सिंग यांच्यासह चौघांच्या स्कल्समध्ये सुवर्ण जिंकले. नौकानयनासाठी घर सोडण्याची वेळ जिल्ह्यातील प्रत्येक मुलावर आता येत नाही; के. टी. एच. एम. महाविद्यालयाच्या बोट क्लबच्या नावा गोदावरीच्या पात्रात उतरतात.