स्वभावावरून मत ओळखता येतं का?

निवडणूक जवळ आली की वडोदऱ्यातल्या रावपुऱ्यात, दांडिया बाजारात एक वाक्य हमखास कानावर येतं: "त्यांचं मत कुठं जाणार हे विचारायचं कशाला? माणूसच तसा आहे." टापटिपीचा, देवधर्म पाळणारा, वेळेचा पक्का माणूस एका पक्षाचा; पुस्तकी, भटक्या, वाद उकरून काढणारा दुसऱ्या पक्षाचा. आपल्याकडे हे गप्पांत चालतं. पश्चिमेत मात्र यावर गेली पाऊणशे-शंभर वर्षं रीतसर संशोधन चालू आहे, आणि त्याची वाटचाल बरीच धडपडत झाली आहे.

या प्रश्नामागे धास्ती होती. हिटलर सत्तेवर आल्यावर फ्रँकफर्टच्या समाजसंशोधन संस्थेतल्या अभ्यासकांना जर्मनी सोडावी लागली. साधीसुधी, घरंदाज माणसं असल्या राजवटीच्या मागे का जातात, हे कोडं ते अमेरिकेत सोबत घेऊन गेले. त्यांच्यातले टेओडोर अडोर्नो आणि कॅलिफोर्नियातले तीन मानसशास्त्रज्ञ यांनी १९५० मध्ये हुकूमशाही वृत्तीवरचा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातली 'एफ' मापनपट्टी गाजली. एफ म्हणजे फॅसिझम. काही विधानं वाचून दाखवायची आणि माणूस किती सहमत आहे ते मोजायचं. आज्ञापालन आणि मोठ्यांचा आदर हे मुलांनी शिकायचे सर्वांत महत्त्वाचे गुण, असं एक विधान त्यात होतं.

हेच विधान आपल्याकडच्या एखाद्या आजींपुढे ठेवून बघा. "मग? चुकीचं काय त्यात?" असंच म्हणतील, मग त्यांचं मत काँग्रेसला जात असो की भाजपला. पट्टीतली खोट इथेच होती. सगळी विधानं एकाच दिशेची असल्यामुळे जो भिडस्तपणे किंवा सवयीने 'हो' म्हणत जातो, तो आपोआप हुकूमशाही वृत्तीचा ठरायचा. शिवाय शिक्षण वाढलं की या पट्टीवरचे गुण घसरतात, असं टीकाकारांनी १९५४ मध्येच दाखवलं. बडोदा संस्थानात सयाजीरावांनी प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ पासून संस्थानभर सक्तीचं केलं. ज्या घरात चार पिढ्या शाळेत गेल्या आणि ज्या घरात पहिलीच पिढी जाते आहे, त्यांच्या उत्तरांतला फरक स्वभावाचा धरायचा की शाळेचा?

दुसरा धक्का वागण्याच्या बाजूने बसला, आणि त्याची सुरुवात आणखी जुनी आहे. रिचर्ड लापियर हे समाजशास्त्रज्ञ एका चिनी जोडप्याला घेऊन अमेरिकाभर फिरले. चिन्यांबद्दल तिथे उघड द्वेष असण्याचा तो काळ. अडीचशेहून अधिक हॉटेलं आणि खाणावळींपैकी नकार मिळाला फक्त एका ठिकाणी. नंतर त्याच ठिकाणांना पत्रं पाठवून विचारलं, चिनी गिऱ्हाईक घ्याल का? उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी 'नाही' कळवलं. हा निबंध १९३४ चा. कागदावरचं मत आणि दारात उभ्या माणसाशी वागणं यांची अशी फारकत आपल्याला नवी नाही; 'आम्ही जातपात मानत नाही' म्हणणाऱ्यांच्या स्थळांच्या याद्या पाहिल्या तरी पुरे. पुढे १९६८ मध्ये मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी हिशोब मांडला की, स्वभावगुण आणि एखाद्या प्रसंगातलं वागणं यांचा सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच नातं नाही, एक म्हणजे पुरतं नातं) साधारण ०.३० च्या वर जात नाही. त्यावर उत्तर असं आलं की एकाच प्रसंगावर जाऊ नका, पुष्कळ प्रसंगांची सरासरी घ्या, मग स्वभाव दिसू लागतो. ते पटण्यासारखं आहे. लोकसभेचं मतदान मात्र साधारण पाच वर्षांतून एकदाच होतं!

१९८०च्या दशकात पाच मोठ्या गुणांची चौकट रुळली: नव्या अनुभवांची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि भावनिक अस्थैर्य. त्यानंतर अभ्यासांचा पूर आला. २०१२ मध्ये ७३ नमुन्यांची, म्हणजे सत्तर हजारांहून जास्त माणसांची, एकत्र मांडणी झाली. नव्याची ओढ असलेले लोक कमी परंपरावादी निघाले, पण संबंध ०.१८ इतकाच. काटेकोर लोक किंचित जास्त परंपरावादी, पण तो संबंध तर ०.१० च. ०.१८ चा वर्ग केला तर माणसामाणसांच्या मतांतल्या जेमतेम तीन टक्के फरकाचा उलगडा होतो. जिथे बेकारी आणि खून जास्त, तिथे नव्याच्या ओढीचा हा संबंध आणखी क्षीण होतो, हेही त्याच अभ्यासात आलं.

त्याच वर्षी एका नामांकित नियतकालिकात स्वभाव आणि राजकीय मतं यांवर एक निबंध आला. २०१६ मध्ये त्याची दुरुस्ती छापावी लागली, कारण आकडे भरताना दिशाच उलटी झाली होती. डावे ते उजवे आणि उजवे ते डावे. ही दुरुस्ती व्हायला चार वर्षं लागली, ही मला या सगळ्यातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. निष्कर्ष ऐकायला बरा वाटला की आपण आकडे तपासत नाही.

आणि मुळात डावं-उजवं ही एकच रांग कुठे आहे? पन्नासेक देशांची पाहणी सांगते की सुरक्षिततेची आस असलेला माणूस रूढींच्या बाबतीत उजवा असतो, पण पैशाच्या बाबतीत सरकारने हात द्यावा अशाच मताचा असण्याकडे कल जास्त. सोवळं पाळणारे आणि पेन्शनसाठी मोर्चात जाणारे काका आपल्याला परके नाहीत.

वडोदऱ्याचेच निकाल घ्या. १९९१ मध्ये इथून भाजपतर्फे दीपिका चिखलिया, छोट्या पडद्यावरची सीता, लोकसभेवर गेल्या. १९९६ मध्ये काँग्रेसचे सत्यजितसिंह गायकवाड अवघ्या १७ मतांनी जिंकले. २०१४ मध्ये नरेंद्र मोदींचं मताधिक्य ५ लाख ७० हजारांवर होतं. मधल्या काळात नवे मतदार आले, वस्त्या वाढल्या हे खरं. तरी १९९१ आणि १९९६ या दोन्ही वेळी रांगेत उभी असलेली माणसं बरीचशी तीच होती, आणि पाच वर्षांत माणसाचा स्वभाव सहसा फारसा पालटत नाही. बदलले ते उमेदवार, पक्षांची बांधणी आणि हवा.